रातथाऱ्यावरची हजेरी

"काय हवं ते लिहा. फक्त रान कुठलं ते लिहू नका."

गाडीतून उतरता उतरताच मला ही अट घालण्यात आली. अट घालणारे गृहस्थ सत्तरीचे. पूर्वी बस चालवायचे, आता हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी घारी मोजतात. त्यांचा शब्द मोडायचा नाही म्हणून एवढंच सांगते : इंग्लंडच्या ईशान्य टोकाला टाइन नदीच्या दक्षिण काठावर गेट्सहेड नावाचं शहर आहे. त्याच्या पश्चिमेला डरवेंट नदीचं खोरं आहे आणि त्या खोऱ्यात कुठंतरी उतारावर जुन्या झाडांचं एक रान आहे. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा होता. घड्याळात अडीच वाजले होते, पण उन्हानं आवराआवर सुरू केली होती. या दिवसांत इथं चारच्या सुमाराला सूर्य मावळतो.

दिवाळी झाल्यावर फराळाचे डबे घेऊन मी लेकीकडे न्यूकासलला आले होते. तिच्या ऑफिसातली एक मैत्रीण सुट्टीच्या दिवशी घारी मोजायला जाते, हे ऐकून मला आधी हसूच आलं. आमच्या गावात आठवडी बाजार उठला की मटणाच्या दुकानांवर पंधरा-वीस घारी गिरक्या घालत असतात. त्या मोजायला थंडीवाऱ्यात कोण उभं राहील? मग लेक म्हणाली, "आई, इथल्या घारी मधली एकशे सत्तर वर्षं नव्हत्याच गं. एकसुद्धा नव्हती." तेव्हा म्हटलं, मला घेऊन चल.

पक्षी रात्री जिथं एकत्र टेकतात त्या जागेला आपल्याकडचे पक्षीनिरीक्षक रातथारा म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो, कारण त्यात थारा आहे. कोणाला थारा द्यायचा आणि कोणाला नाही, हे माणूस ठरवत आला आहे. ज्या पक्ष्याला या देशानं चार शतकं थारा दिला नाही, त्याच्याच रातथाऱ्यासमोर आता सहा माणसं कुंपणाला टेकून उभी होती. प्रत्येकाच्या गळ्यात दुर्बीण, अंगात कपड्यांचे चार थर, आणि हातात ते बटण दाबायचं छोटं धातूचं यंत्र. आपल्याकडे देवळाच्या रांगेत भाविक मोजायला वापरतात तसलंच.

तीनला दहा कमी असताना पहिली घार आली.

ती आमच्या डोक्यावरून इतकी खालून गेली की मान वर करून तिचं पोट पाहता आलं. आपली घार मातकट तपकिरी असते आणि तिच्या शेपटीला नावापुरती खाच असते. ही तांबडी घार निराळीच. शेपटी गंजलेल्या लोखंडाच्या रंगाची, आणि उघड्या कात्रीसारखी खोल दुभंगलेली. डोकं राखाडी-पांढरं. पंखांच्या खालच्या बाजूला, टोकांच्या अलीकडे, पांढरे स्वच्छ चौकोन. पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत पावणेदोन मीटरच्या पुढे भरतात, आणि वजन मात्र सरासरी किलोभर. त्यामुळे ती उडते म्हणण्यापेक्षा वाऱ्यावर पडून राहते, आणि शेपूट इकडून तिकडे वळवत सुकाणू धरते. त्या दिवशी तिनं पंख एकदाही हलवला नाही. फक्त शेपूट वळली, डावीकडे, मग उजवीकडे, आणि ती रानाच्या कडेच्या एका वठलेल्या झाडावर जाऊन बसली.

"एक," बसवाले आजोबा म्हणाले, पण यंत्राचं बटण दाबलं नाही. "बसली म्हणजे आली असं नाही. अजून तासभर हिंडेल. रानाच्या आत उतरली की मग दाबायचं."

शाळेत अठ्ठावीस वर्षं हजेरी घेतलेल्या बाईला हे लगेच पटलं. दारात उभा असलेला मुलगा हजर धरायचा नसतो.

•

या पक्ष्याची आणि इंग्लंडची सोयरीक जुनी आहे. मध्ययुगीन लंडनच्या रस्त्यांवर खाटकांची घाण, मेलेली जनावरं आणि घराघरांतला कचरा पडलेला असायचा, आणि घारी, डोमकावळे तो साफ करायचे. सन १५०० च्या सुमारास व्हेनिसच्या वकिलातीबरोबर आलेल्या एका माणसानं लिहून ठेवलं आहे, की इथल्या घारी इतक्या धीट आहेत की लहान मुलांच्या हातातला लोणी लावलेला पाव उचलून नेतात. शेक्सपिअरच्या ‘द विंटर्स टेल’ या नाटकातल्या भुरट्या चोरालाही वाळत घातलेले कपडे पळवणाऱ्या घारीची आठवण होते. ती सवय अजून गेलेली नाही. या घारींच्या घरट्यात आजही लोकरीबरोबर मोजे, चिंध्या, हातमोजे, प्लास्टिकचे तुकडे सापडतात.

मग शहरं स्वच्छ होत गेली आणि घारीची गरज संपली. गरज संपली की गुण दिसेनासे होतात आणि अपराध दिसू लागतात. स्कॉटलंडमध्ये दुसऱ्या जेम्स राजानं १४५७ मध्येच घारी दिसतील तिथं माराव्यात असं फर्मान काढलं होतं. इंग्लंडमध्ये १५६६ च्या कायद्यानं उपद्रवी प्राणी-पक्ष्यांची यादीच केली आणि प्रत्येक डोक्यामागे बक्षीस ठरवलं. मारलेल्या पक्ष्याचं डोकं घेऊन गावच्या चर्चमध्ये जायचं, तिथल्या कारभाऱ्यानं ते मोजून पैसे द्यायचे आणि वहीत नोंद करायची. अशा नोंदींच्या वह्या इंग्लंडभर अजून जपून ठेवलेल्या आहेत. म्हणजे घारी मोजण्याचं काम या देशाला नवं नाही. पूर्वी डोकी मोजून पैसे मिळायचे. आता पदरचं पेट्रोल जाळून जिवंत घारी मोजायला यावं लागतं.

पुढं एकोणिसाव्या शतकात जमीनदारांच्या शिकारीसाठी तितर-फेझंट पाळणारे रखवालदार आले, त्यांच्या बंदुका आल्या, सापळे आले, विष आलं. घार कोकरं उचलते असाही बोभाटा झाला. तिचे पाय इतके नाजूक आणि अंग इतकं हलकं की ती बहुतेक मेलेलंच खाते. शिवाय नांगरटीत वर आलेली गांडुळं, किडे, उंदीर, फार तर एखादं सशाचं पिल्लू. आपल्याकडे अंगणातलं कोंबडीचं पिल्लू उचलणारी घार सगळ्यांनी पाहिली आहे, पण शेळीचं करडू नेताना कोणी पाहिली नसेल. १८७१ मध्ये इंग्लंडमधून आणि १८७९ मध्ये स्कॉटलंडमधून ती संपली.

उरली ती फक्त वेल्सच्या मध्यभागातल्या एका डोंगराळ कोपऱ्यात, मोजक्या जोड्यांपुरती. तिथंही एक विचित्र धोका होता. पक्षी जितका दुर्मीळ तितकी त्याच्या अंड्याला संग्राहकांकडून किंमत जास्त. १९०३ मध्ये तिथल्या काही लोकांनी घारी वाचवण्यासाठी एक समिती केली. पुढं ‘आरएसपीबी’ म्हणजे पक्षिसंरक्षणाची राजमान्य संस्था मदतीला आली. घरट्यांवर पहारे बसले. ज्या शेतकऱ्याच्या रानात पिल्लं उडाली त्याला पैसे मिळू लागले. नंतर जनुकांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं, की सगळ्या वेल्श घारी आईकडून बहुधा एकाच मादीपर्यंत जाऊन पोचतात. आपल्याकडे घार म्हटली की पिल्लांत जीव गुंतलेली आई आठवते. इथं एका आईवर एका देशातलं सगळं कूळ तरलं.

•

वेल्समधल्या घारी वाढत होत्या, पण पसरत नव्हत्या. तांबडी घार आपल्या जन्मजागेच्या आसपासच घरटं करते. रिकामं रान समोर दिसलं तरी एकटी तिथं जाऊन संसार थाटत नाही. जिथं इतर घारी दिसतात तिथंच ती थांबते. तेव्हा ठरलं, की घारी येत नाहीत तर आपण आणायच्या. १९८९ मध्ये दोन ठिकाणी सुरुवात झाली : दक्षिण इंग्लंडमध्ये लंडनजवळच्या चिल्टर्न टेकड्यांत आणि उत्तर स्कॉटलंडमध्ये ब्लॅक आइलवर. चिल्टर्नसाठी पिल्लं मुख्यतः स्पेनमधून आली, ब्लॅक आइलसाठी स्वीडनमधून. पुढच्या चार-पाच वर्षांत दोन्हीकडे सुमारे नव्वद-नव्वद पक्षी सोडले गेले.

पद्धत वाचली तर लक्षात येतं, किती काळजी घेतली होती. पिल्लं साधारण चार ते सहा आठवड्यांची असताना घरट्यातून काढायची आणि घरटं रिकामं करायचं नाही, आई-बापासाठी एक तरी मागे ठेवायचं. मग इकडे रानात बांधलेल्या मोठ्या पिंजऱ्यात काही आठवडे ठेवायची, पण माणसाचं तोंड दिसू द्यायचं नाही. खाणं फटीतून आत सरकवायचं. पंखांवर टॅग, पायात कडं, शेपटीला छोटा ट्रान्समीटर. पंखांत बळ आलं की एक दिवस पिंजऱ्याचा दर्शनी भाग उघडायचा आणि दूर जाऊन थांबायचं. १९९२ मध्ये दोन्ही ठिकाणी पहिली पिल्लं जन्मली.

त्यानंतर एकेक ठिकाण वाढत गेलं. नॉर्थॅम्प्टनशर, मध्य स्कॉटलंड, यॉर्कशर, गॅलोवे, आणि मग २००४ मध्ये गेट्सहेड.

गेट्सहेड ही निवड धाडसाची होती, कारण हे खोरं म्हणजे काही अभयारण्य नव्हे. डरवेंटचं हे खोरं कोळशाचं आणि लोखंडाचं. वरच्या अंगाला कॉन्सेटचा पोलाद कारखाना होता, तो १९८० मध्ये बंद पडला. खालच्या अंगाला डरवेंटहॉचा कोकचा कारखाना होता, त्याच्या भट्ट्यांचा धूर सगळ्या खोऱ्यात भरून राहायचा. तोही त्याच दशकात बंद झाला. कोळसा वाहणारी रेल्वे त्याच्या आधीच गेली होती. आता त्या रुळांच्या जागी पायवाट आहे, रेल्वेचा नऊ कमानींचा दगडी पूल आहे, आणि कारखान्याच्या जागेवर झाडं-तळी असलेलं उद्यान. जवळच एक भलामोठा मॉल. आपल्याकडच्या गिरणगावात टॉवर आले. इथं एका कारखान्याच्या जागेत रान आलं आणि मग त्या रानासाठी पाखरं आणली गेली. २००४ ते २००६ या तीन वर्षांत चिल्टर्नमधून आणलेल्या ९४ घारी इथं सोडल्या. २००६ मध्येच इथं पहिली पिल्लं उडाली. दीड शतकाहून जास्त काळानंतरची पहिली.

लोकांनी तिला लगेच आपलं म्हटलं. शाळांनी घारी दत्तक घेऊन त्यांना नावं दिली. इथल्या बसच्या काही मार्गांनाच तांबड्या घारीचं नाव मिळालं, बसवर तिचं चित्र आलं. आमचे बसवाले आजोबा म्हणाले, "मोजायच्या आधी मी ती चालवायचो."

•

सव्वातीनपर्यंत रानाच्या कडेला आणि समोरच्या कुरणात घारीच घारी झाल्या. काही झाडांवर, काही चक्क गवतावर मेंढ्यांमध्ये बसलेल्या. मधूनच एखादी शीळ घालायची. आवाज आपल्या घारीच्याच घराण्यातला, कापरा आणि लांबवलेला, पण पट्टी जरा मऊ. मग त्यांचा खेळ सुरू झाला. एकीनं पायात कसलीशी काटकी धरली होती, दुसरी तिच्या मागे लागली. पहिलीनं काटकी सोडली, दुसरीनं खाली सूर मारून ती हवेतच झेलली, आणि लगेच तिसरी तिच्या मागे. काळ्या जॅकडॉ कावळ्यांचा एक थवा मध्ये घुसून दोन्ही पक्षांना शिव्या देत निघून गेला. त्या सगळ्यांना कोणतं काम नव्हतं. शाळा सुटल्यावर आणि दिवेलागणीच्या आधी पोरं पारावर जे करतात, तेच चाललं होतं.

या पाराला एक गंभीर बाजूही आहे. पक्षी रातथाऱ्यावर एकत्र का येतात यावर १९७३ मध्ये वॉर्ड आणि झहावी या दोन शास्त्रज्ञांनी एक कल्पना मांडली होती : रातथारा हे खबरीचं ठिकाण असतं. काल उपाशी राहिलेला पक्षी सकाळी पोट भरलेल्याच्या मागोमाग निघतो. पुढं स्पेनमध्ये हिवाळी तांबड्या घारींचा अभ्यास झाला, त्यातही असंच मागोमाग जाणं दिसून आलं. मेलेलं जनावर कुठं पडलंय हे रोज नव्यानं शोधावं लागतं, अशा पक्ष्याला दुसऱ्याच्या पोटाची बातमी उपयोगाची असते. शिवाय थंडीत वाऱ्याच्या आडोशाला एकत्र राहणं, पहाऱ्याला जास्त डोळे असणं आणि तरुण पक्ष्यांना जोडीदार बघायला मिळणं हेही असणार. घरटी जमलेल्या जोड्या बऱ्याचदा आपल्या जागेपाशीच राहतात. रातथाऱ्यावर गर्दी असते ती पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पोरांची. ऑगस्ट-सप्टेंबरपासून ती जमू लागतात आणि भर हिवाळ्यात संख्या सगळ्यांत मोठी होते.

मोजणाऱ्याला म्हणूनच हा हंगाम सोयीचा. पानं गळू लागलेली असतात, पक्षी आपणहून एका जागी येतात आणि संध्याकाळी आभाळ उजळ असताना त्यांच्या काळ्या आकृत्या स्पष्ट दिसतात. उन्हाळ्यात घरट्याघरट्यानं हिंडून जी माहिती मिळवायची, तिची एक बाजू इथं उभ्या जागी मिळते.

पण मोजणं सोपं नाही. आत उतरलेल्या पंधरा घारी कशानं तरी बिचकतात आणि सगळ्या एकदम वर येतात. मग पहिला हिशेब पुसायचा का? इथं नियम असा, की आत गेलेल्या अधिक, बाहेर आलेल्या वजा. रानाच्या दोन अंगांना दोन गट, दोघांकडे वॉकी-टॉकी, दर पंधरा मिनिटांनी आकडे. एकच घार दोन्हीकडून दिसली असेल तर वेळ आणि दिशा जुळवून ती एकदाच धरायची. आणि एक रातथारा मोजून भागत नाही. शनिवारी या रानात झोपलेली घार रविवारी पाच मैलांवरच्या दुसऱ्या रानात झोपते. म्हणून ठाऊक असलेले सगळे रातथारे एकाच संध्याकाळी मोजायचे असतात. युरोपात तर जानेवारीच्या सुरुवातीला एकाच शनिवार-रविवारी अनेक देशांत अशी मोजणी होते.

हे ऐकताना मला २०११ चा ऑक्टोबर आठवला. आपल्या राज्यात तीन दिवस सगळ्या शाळांची एकदम पटपडताळणी झाली होती. एकच मूल सकाळी या शाळेत आणि दुपारी त्या शाळेत मोजलं जाऊ नये म्हणून पोरांच्या बोटांना शाई लावली होती. घारीच्या बोटाला शाई लावता येत नाही, म्हणून सगळ्यांनी एकाच वेळी उभं राहायचं.

मी हे सांगितलं तेव्हा मोजणाऱ्यांपैकी एक बाई, आपल्याकडच्या अंगणवाडीसारख्या शाळेत शिकवणाऱ्या, खो-खो हसल्या. "आणि शाई लावल्यावर काय निघालं?"

"कागदावर होती त्याहून बरीच पोरं कमी निघाली."

हसू ओसरलं. म्हणाल्या, "आम्हाला भीती असते ती हीच."

•

ही भीती उगाच नाही. चिल्टर्न आणि ब्लॅक आइल या दोन जुळ्या प्रयोगांची गोष्ट ब्रिटनमधले पक्षीतज्ज्ञ पुन्हापुन्हा सांगतात. दोन्हीकडे साधारण सारखेच पक्षी सोडले, दोन्हीकडे पिल्लं चांगली होत होती. पण पंधरा-सोळा वर्षांनी चिल्टर्नमध्ये जोड्यांची संख्या शेकड्यांत गेली होती, तर ब्लॅक आइलवर ती चाळिशीच्या आसपास रेंगाळत होती. कारण हवामान नव्हतं आणि अन्नही नव्हतं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं दाखवलं, की तिथं घारी बेकायदा मारल्या जात होत्या, मुख्यतः विषानं. कोल्ह्या-कावळ्यांसाठी मेलेल्या सशावर विष घालून ठेवायचं, आणि मेलेलं खाणारी घार ते सर्वांत आधी शोधून काढायची. तिचा गुणच तिच्या जिवावर उठायचा. २०१४ च्या वसंतात त्याच भागात कॉनन ब्रिजजवळ काही आठवड्यांत १६ तांबड्या घारी आणि बझर्ड जातीचे ६ शिकारी पक्षी मेलेले सापडले. त्यांतल्या १२ घारी आणि ४ बझर्ड विषानं मेल्याचं तपासणीत पक्कं झालं.

गेट्सहेडच्या घारींचंही काहीसं असंच आहे. खोऱ्यात त्या सुखानं राहतात, मागच्या अंगणातल्या आजीबाईंनी टाकलेले मांसाचे तुकडे खातात, पण पश्चिमेकडच्या उंच माळरानांकडे त्यांचं पाऊल म्हणावं तसं पडलेलं नाही. तिथं ग्राउस पक्ष्याच्या शिकारीची मोठमोठी राखलेली रानं आहेत. शिवाय मारायचा हेतू नसतानाही मरण येतं. उंदरांसाठी घातलेलं रक्त पातळ करणारं विष उंदराच्या पोटातून घारीच्या पोटात जातं. शिकारीच्या शिशाच्या छऱ्यांचंही तसंच.

पट आणि हजेरी या दोन शब्दांतला फरक शिक्षकाला कोणी समजवावा लागत नाही. पटावर बेचाळीस, हजर अडतीस, म्हणजे चार पोरं कुठं गेली ते बघा. कोणी आजारी आहे, कोणी ऊसतोडीला गेलंय. सुरुवातीच्या वर्षांत इथं घारींचा असा पट होता. डाव्या पंखावरच्या टॅगच्या रंगावरून ती कुठली हे कळायचं, उजव्या पंखावरच्या रंगावरून कोणत्या वर्षाची. त्यावर अक्षर किंवा आकडा. गेट्सहेडचा रंग गुलाबी. संध्याकाळी दुर्बिणीतून टॅग वाचायचे आणि वहीत नावासमोर खूण करायची. खूण पडली नाही की शोध सुरू.

आता तो पट राहिलेला नाही. त्या ९४ पक्ष्यांपैकी बहुतेक कधीच गेले असतील. त्यांची नातवंडं-पतवंडं रानातच जन्मली आणि सगळ्यांच्या पंखाला टॅग लावणं शक्यही नाही, गरजेचंही नाही. मी त्या संध्याकाळी अंगणवाडीच्या बाईंच्या शेजारी उभी राहून तासभर पंख बघत होते. गुलाबी काहीच दिसलं नाही. सगळे पंख कोरे.

"वाईट वाटतं का?" मी विचारलं.

"पहिल्या पहिल्यांदा वाटायचं. नावानं ओळखत होतो ना." त्या दुर्बीण न काढता बोलत होत्या. "पण आपल्याला ज्यांची नावं माहीत नाहीत अशाच घारी हव्या होत्या. त्यासाठीच तर सगळं केलं."

मला त्यांचं म्हणणं कळायला वेळ लागला. टॅग लावलेली घार माणसानं आणलेली असते. बिनटॅगची घार इथलीच असते. पण पट गेला की एक अडचणही येते : गैरहजर कोण ते कळत नाही. चार घारी विषानं कुठंतरी बांधाआड मेल्या तर कोणाच्याही नावासमोर फुली पडणार नाही. ते कळायचा एकच मार्ग उरतो. दरवर्षी त्याच जागी, त्याच आठवड्यात, त्याच पद्धतीनं उभं राहायचं आणि आकडा खाली आला का ते बघायचं. सोडण्याचा कार्यक्रम तीन वर्षांत संपतो, त्याला निधी मिळतो, पाहुणे येतात, फोटो निघतात. मोजण्याचा कार्यक्रम संपत नाही आणि त्याला पाहुणे येत नाहीत. तो या निवृत्त ड्रायव्हरांच्या आणि शिक्षिकांच्या माथी येतो.

हे मी लक्षात ठेवून आले, कारण आपल्याकडेही आता पिंजरे उघडू लागले आहेत. डायक्लोफिनॅक या औषधानं आपली गिधाडं संपवली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली आणि हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात गिधाडांची पैदास करून ती जपली गेली. २०२४ मध्ये तिथून आणलेली गिधाडं आपल्या ताडोबा आणि पेंचच्या जंगलात आली. आज त्यांचा पट आहे, अंगावर उपग्रहाशी बोलणारी यंत्रं आहेत. वीस वर्षांनी, देव करो आणि त्यांची बिनटॅगची नातवंडं उडत असोत. तेव्हा संध्याकाळी कड्याखाली उभं राहायला कोण असेल? सरकारी पगारावर ते काम निभेल असं वाटत नाही. चंद्रपूरचा एखादा निवृत्त बसड्रायव्हर आत्तापासून तयार व्हायला हवा.

•

ब्रिटनमध्ये आज तांबड्या घारींच्या हजारो जोड्या आहेत. चिल्टर्नकडच्या काही गावांत तर लोक आता वैतागतात, कारण पोरांच्या हातातलं सँडविच घार उचलून नेते. पाचशे वर्षांपूर्वीचा तो व्हेनिसचा पाहुणा परत आला तर त्याला काहीच बदललेलं दिसणार नाही. रेडिंग शहरात संशोधकांनी विचारपूस केली तेव्हा दर वीस घरांमागे जवळजवळ एक घर घारींना खायला घालत होतं. आणि २०२२ पासून हिशेब उलटा फिरला आहे. स्पेनच्या एक्स्त्रेमादुरा भागात तांबडी घार विणीसाठी जवळजवळ उरली नाही म्हणून नॉर्थॅम्प्टनशरमधली पिल्लं विमानानं तिकडं पाठवली गेली. एकेकाळी स्पेननं दिलेलं उसनं असं फेडलं गेलं.

चार वाजले. पश्चिमेला आभाळ नारळाच्या करवंटीच्या आतल्या बाजूसारखं पांढुरकं झालं होतं. कुरणातली एक घार उठली, मग दुसरी. आवाज बंद झाले. मघाचा सगळा दंगा कोणीतरी घंटा दिल्यासारखा थांबला आणि घारी एकामागून एक, पंख अर्धवट मिटून, शेपूट किंचित वळवून, झाडांच्या शेंड्यांत उतरू लागल्या. यंत्रांची टिकटिक सुरू झाली. कोणी बोलत नव्हतं. मलाही एक यंत्र दिलं होतं. हातमोजा काढून अंगठ्यानं बटण दाबताना धातू इतका गार लागत होता, की प्रत्येक घार बोटाला कळत होती.

अठरा-एकोणीसला एकदम सात वर आल्या, चार परत उतरल्या, तीन दक्षिणेकडे गेल्या. वजा तीन. सव्वाचारनंतर झाडं आणि आभाळ एक होऊ लागली. मग शेवटची वाटावी अशी एक आली, आणि तिच्यानंतर आणखी एक. ती घार होती की नुसती हललेली फांदी, यावर दोन मतं पडली.

गाडीच्या टपावर बॅटरी ठेवून आजोबांनी कागद पुढं ओढला. माझ्या यंत्रावर ३४ होते, बाईंच्या यंत्रावर ३२, पलीकडच्या गटाकडून जुळवून आलेला आकडा ३१. मी शिक्षकी सवयीनं विचारलं, मग बरोबर किती? त्यांनी उत्तर दिलं नाही. रकान्यात आधी एक शब्द लिहिला, मग आकडा : ‘किमान ३१’.

पुढचा रकाना टॅगचा होता. रंग, अक्षर, कोणत्या पंखावर. त्यात त्यांनी आडवी रेघ मारली आणि कागद खिशात ठेवला. लेकीनं पिशवीतून चिवड्याचा डबा काढला. अंधारात सगळ्यांनी मूठ मूठ घेतला आणि पलीकडच्या रानातून एक उशिरा आलेली शीळ ऐकू आली. आजोबांनी कागदाला पुन्हा हात लावला नाही.

"तिला पुढच्या शनिवारी," ते म्हणाले.